चि., सौ., कां. आणि सुधा

श्रीपादराव आवटींच्या संसारात सुधाताईंखेरीज आणखी तीन बायका होत्या, आणि त्यांतल्या एकीलाही श्रीपादरावांनी जन्मात पाहिलं नव्हतं. एकीचं नाव ची, दुसरीचं सौ, तिसरीचं का. सत्तेचाळीस वर्षं झाली तरी या तिघी घरातून हलायला तयार नव्हत्या. भाजीत मीठ कमी आहे म्हणा, की सुधाताई म्हणणार, "मग जा की तुमच्या चीकडे, ती घालेल मापात." चष्मा सापडत नाही म्हणा, "सौला विचारा." दोन महिन्यांपूर्वी हॅम्बर्गला लेकीकडे येताना विमानातल्या खिडकीवरून जुंपली, तेव्हाही बाई शांतपणे उठल्या आणि म्हणाल्या, "बसा तुम्हीच. काला नाहीतरी ढग आवडायचे."

आता हे प्रकरण काय होतं ते आधी सांगितलं पाहिजे, नाहीतर एका भल्या माणसाविषयी तुमचं भलतंच मत व्हायचं.

गोष्ट सत्त्याहत्तर सालची. श्रीपादराव तेव्हा सव्वीस वर्षांचे, मिरजेत वीज मंडळात ज्युनियर इंजिनियर. दर बुधवारी संध्याकाळी सात वाजता शॉर्टवेव्हवर लंडनहून एक अर्ध्या तासाचा कार्यक्रम लागायचा. रेजी ऑलकॉट आणि मॉड फेअरली हे दोघं तो सादर करायचे. सगळं जग तेव्हा गिटारी आणि लांब केसांच्या मागे धावत होतं. हे दोघं मात्र आईबापांच्या वेळची गाणी लावायचे; नाचघरांतली, बोटींवरची, युद्धाच्या काळातली. कुठल्या गाण्यात ट्रम्पेट कुणी वाजवलंय आणि तो दिवसा कुठल्या दुकानात चपला विकायचा, हे रेजीसाहेबांना तोंडपाठ. श्रोत्यांची पत्रं मॉडबाई वाचायच्या. आणि दोघांचा एक नियम होता: गाणं लावलं की शेवटचा सूर विरेपर्यंत तोंडातून चकार शब्द काढायचा नाही. गाण्याच्या शेपटीवर पाय द्यायचा नाही, असं श्रीपादराव त्याला म्हणत. या नियमापायी त्या दोघांवर त्यांचा फार जीव.

त्याच सुमारास जयसिंगपूरच्या सुधाला ते पाहून आले. कांदेपोहे झाले आणि दहा मिनिटं दोघांना बोलायला दिली. स्वयंपाक येतो का, शिवण येतं का, असलं काहीच न विचारता या पठ्ठ्यानं विचारलं, "तुम्हाला गाणी कुठली आवडतात?" ती म्हणाली, "इंग्रजी कधी ऐकली नाहीत." झालं! साखरपुडा झाल्याबरोबर श्रीपादरावांनी लंडनला पोस्टकार्ड टाकलं, की माझ्या होणाऱ्या बायकोसाठी एक गाणं लावा. आता पडले संस्कारी. साखरपुडा झालेल्या मुलीचं नाव नुसतं 'सुधा' लिहिणं काही बरं दिसेना. म्हणून लग्नपत्रिकेत लिहितात तसं, ठळक इंग्रजी अक्षरांत, सगळा मान राखून लिहिलं: चि. सौ. कां. सुधा.

दोन फेब्रुवारीला मॉडबाईंनी ते वाचलं. "मिरजेचे श्रीपॅड यांच्याकडून जयसिंगपूरच्या चार जणींसाठी: चाय, सू, का आणि सुडा!" रेजीसाहेब हसून म्हणाले, "चार! मॉड, या माणसाला गाणं नको, विश्रांती हवी." आणि गाणं लावलं.

सुधाच्या शेजारी श्यामकांत नावाचे गृहस्थ राहत. अख्ख्या गल्लीत शॉर्टवेव्ह लागणारा रेडिओ त्यांच्याकडेच. खरखरीतून त्यांना 'श्रीपॅड' आणि 'चार बायका' एवढंच नीट कळलं, आणि बातमी पोहोचवायला तेवढं पुष्कळ झालं. तिखटमीठ लावून त्यांनी ती सुधाच्या वडिलांच्या, म्हणजे घरात सगळे ज्यांना अण्णा म्हणत त्या दत्तात्रयपंतांच्या, कानावर घातली. "पंत, त्यातली एक चिनी आहे म्हणे." दत्तात्रयपंतांना ऐकू जरा कमी यायचं आणि राग जरा जास्त. दुसऱ्याच दिवशी मिरजेत पत्र आलं: साखरपुडा मोडला असं समजावं.

श्रीपादराव सायकल हाणत जयसिंगपूरला गेले. "अहो, ते चि. सौ. कां. आहे! त्यांना वाचता आलं नाही!"

"इंग्रजांना वाचता येत नाही?" दत्तात्रयपंत कडाडले. "दीडशे वर्षं राज्य केलं त्यांनी! ते कार्ड दाखवा मला."

कार्ड लंडनला. दाखवणार काय, कपाळ! श्रीपादराव आले तसे परत गेले. पुढे महिना-दीड महिना सगळं थंड. आणि मग एकाएकी निरोप आला की मुहूर्त काढा. श्रीपादरावांचे मोहनकाका मध्यस्थीला दोन खेपा घालून आले होते, तेव्हा हे त्यांचंच कर्तृत्व असं सगळ्यांनी धरलं. मोहनकाकांनीही नाही म्हटलं नाही. त्या उपकारापोटी मरेपर्यंत दर दिवाळीला आवटींच्या घरचा पहिला लाडू त्यांनी खाल्ला.

म्हणजे गोड झालं म्हणायचं. पण श्रीपादरावांच्या मनात एक काटा राहिला तो राहिलाच. बाप नाही म्हणाला तेव्हा ही मुलगी गप्प. बाप हो म्हणाला तेव्हाही गप्प. मग ही आपल्या घरात आली ती यायचं होतं म्हणून, की बापानं पाठवली म्हणून? संसार चांगला झाला, लेक झाली, नात झाली. तरी ची, सौ आणि का यांचा उद्धार झाला की श्रीपादरावांना आत कुठेतरी वाटायचं, हिला अजून खरंच शंका तर नाही? विचारायचा मात्र धीर झाला नाही. अकरा हजार व्होल्टला न घाबरलेला माणूस, पण या एका प्रश्नाला सत्तेचाळीस वर्षं टरकून होता.

तर असा हा माणूस हॅम्बर्गला लेकीकडे आलेला. लेक वैभवी फिंकनवेर्डरला विमानांच्या कारखान्यात नोकरीला. गावात जायचं तर फेरीबोटीनं. एका शनिवारी आजोबा आणि अकरा वर्षांची नात अन्वी धक्क्यावर बोटीची वाट बघत उभे होते. पाऊस होता, पण हॅम्बर्गच्या पावसाला कोण विचारतो. भिंतीवर एक कागद चिकटवलेला होता. त्यावरच्या जोडीच्या चेहऱ्यांची काही ओळख पटण्यासारखी नव्हती, पण खालची नावं वाचली आणि श्रीपादराव जागच्या जागी ओरडले, "अगं बाई गं!"

"वास इस्ट डेन?" अन्वीनं विचारलं. तिला मराठी सगळं कळायचं, पण उत्तर जर्मनमध्येच यायचं.

"काय झालं काय विचारतेस? वाच, वाच ते!"

अन्वीनं वाचून सांगितलं. जुन्या गाण्यांच्या श्रोत्यांचा इथे एक फेराइन होता. जर्मनीत तीन माणसं एकत्र आली की चौथ्या दिवशी त्यांचा फेराइन होतो, म्हणजे रीतसर मंडळ. रेजी ऑलकॉट वयाच्या विसाव्या वर्षी लष्करात भरती होऊन या भागातल्या छावणीत आला होता, आणि छावणीच्या रेडिओवर त्यानं पहिली तबकडी लावली ती इथेच. आता तो अठ्ठ्याऐंशीचा, मॉड चौऱ्याऐंशीची. जुनी गाणी जिवंत ठेवल्याबद्दल दोघांचा सत्कार, पुढच्या रविवारी दुपारी तीन वाजता, कॉफी आणि केकसह. आनमेल्डुंग, म्हणजे नावनोंदणी, आवश्यक.

श्रीपादरावांनी ठरवूनच टाकलं. त्या दोघांच्या तोंडून, सुधासमोर, चारचौघांत वदवून घ्यायचं की त्या चार बायका म्हणजे एकच होती. पुरावा पाहिजे होता ना? हा घ्या पुरावा, चालता-बोलता!

नावनोंदणीचा फॉर्म वैभवी भरून देत होती, पण त्यांना दम कुठला. स्वतः बसून एका बोटानं टाइप केलं: श्रीपाद आवटी, सौ. सुधा आवटी. खाली 'आणखी काही' अशा रकान्यात इंग्रजीत लिहिलं: दोन फेब्रुवारी एकोणीसशे सत्त्याहत्तर रोजी आपण जाहीर केलेल्या चार स्त्रियांचा कृपया खुलासा व्हावा.

"बाबा, असं लिहितात का? पोलीस येतील घरी," वैभवी म्हणाली.

"येऊ देत. त्यांनाही सांगेन."

सुधाताई डाळ निवडत होत्या. त्या म्हणाल्या, "कशाला उकरताय? बऱ्या नांदतायत चौघी." पण रविवारी त्यांनी हिरवी इरकल नेसली. अंगात स्वेटर, त्यावर कोट, तरी आतून इरकलच.

हॉल एका बोट क्लबाचा होता. आत सत्तर-ऐंशी माणसं, बहुतेक पिकल्या केसांची, आणि कॉफीचा घमघमाट. दारात एक उंच, लाल गालांचे गृहस्थ उभे होते. ब्राम त्यांचं नाव, फेराइनचे अध्यक्ष; सगळे त्यांना हेर ब्राम, म्हणजे श्रीयुत ब्राम, म्हणत. बंदरातली क्रेन चालवून निवृत्त झाले होते, आणि त्या कार्यक्रमाचा प्रत्येक भाग त्यांनी टेपवर उतरवून ठेवला होता. नुसता उतरवला नव्हता, तर कुठल्या श्रोत्याचं नाव कधी वाचलं याचीसुद्धा कार्डं करून ठेवली होती. जर्मन माणूस!

"हेर आवटी! आल्झो, तुमची नावं मी शोधली," ते इंग्रजीत म्हणाले. "चि, सौ, का आणि सुधा. माझ्या कार्डांत दोनदा आहेत. एकदा फेब्रुवारीत, एकदा मार्चमध्ये."

"दोनदा? छे, एकदाच."

"नाइन, दोनदा. गेनाऊ, अगदी बिनचूक."

श्रीपादराव गोंधळले. सुधाताईंनी एकदम कोटाचं बटण लावायला घेतलं. ते आधीच लावलेलं होतं.

आत त्यांची जागा तिसऱ्या रांगेत होती. तीन खुर्च्या, तीन नावांच्या चिठ्ठ्या आणि समोर तीन बशांत चेरीचा केक. हेर श्रीपाद. फ्राउ सौ. फ्राउ सुधा (फ्राउ म्हणजे श्रीमती).

सुधाताईंनी चिठ्ठ्या वाचल्या, नवऱ्याकडे पाहिलं, पुन्हा चिठ्ठ्या वाचल्या. "आली का शेवटी? मला वाटलंच होतं, परदेशात गाठणार तुम्हाला."

"अगं, फॉर्मवर मी सौ. सुधा..."

"मानानं बसवा हो तिला. मी काय, कोपऱ्यात बसेन."

अन्वीनं फ्राउ सौच्या खुर्चीत बसायचा प्रयत्न केला, तर केक वाढणारी बाई धावत आली: जागा राखीव आहे, फ्राउ सौ यायच्या आहेत. हसता हसता अन्वीला ठसका लागला. शेवटी तिच्यासाठी वेगळी खुर्ची आली, आणि फ्राउ सौची खुर्ची नवरा-बायकोच्या मधोमध रिकामी राहिली.

मग ते दोघं आले. रेजी काठीवर, मॉड त्याच्या दंडावर. टेबलावर ग्रामोफोन होता. रेजीनं तोंड उघडलं मात्र, आणि श्रीपादराव खुर्चीत पुढे सरकले. शरीर पार सुकलेलं, पण आवाज तस्साच! तीच ती गरम चहासारखी ऊब, तेच ते वाक्याच्या शेवटी हळूच हसणं. गाणं कुणाचं, ट्रम्पेटवाला कोण, तो नंतर काय करत होता, सगळं सांगितलं. एका ठिकाणी अडला, तर मॉड म्हणाली, "हर्बर्ट. साठ वर्षं झाली, साठ वर्षं तू त्याचं नाव विसरतोस." हॉल हसला. गाणं लागलं तेव्हा मात्र कुणाच्या कपाचीसुद्धा किणकिण नाही.

एका म्हाताऱ्यानं उठून विचारलं, लोक नवीन मागत असताना तुम्ही जुनंच का लावत राहिलात? रेजी म्हणाला, "नवीन गाण्यांना आईबाप असतात, जाहिरात करणारे असतात. जुनी पोरकी होतात. कुणीतरी सांभाळायला नको का?" श्रीपादरावांनी एवढ्या जोरात टाळ्या वाजवल्या, की पुढच्या रांगेतल्या बाईनं मागे वळून पाहिलं.

मग हेर ब्रामनी घोषणा केली: मिरज, इंडिया. आणि टेप लावली. चाय, सू, का आणि सुडा! विश्रांती हवी! हॉल खदखदून हसला. श्रीपादराव उठून उभे राहिले. म्हणाले, "मॅडम, त्या चार बायका नाहीत. एकच आहे. ती ही. तुमच्या त्या चार शब्दांपायी माझं लग्न मोडलं होतं."

मॉडनं तोंडावर हात ठेवला. "अरे देवा! मग ते शब्द कसले होते?"

"आमच्यात लग्न ठरलेल्या मुलीच्या नावाआधी लावतात. चि. म्हणजे चिरंजीव, पुष्कळ जगो. सौ. कां. म्हणजे सौभाग्यकांक्षिणी. जिला लग्न करून सुखानं नांदायची इच्छा आहे, अशी."

"आणि होती का?" मॉडनं विचारलं.

"काय?"

"इच्छा. तिला होती का?"

सगळा हॉल त्यांच्याकडे बघत होता. एवढा साधा शब्द, हजार पत्रिकांवर वाचलेला, स्वतः कार्डावर लिहिलेला. त्याचा अर्थ असा अंगावर येईल असं श्रीपादरावांना कधी वाटलं नव्हतं. सत्तेचाळीस वर्षं ज्या प्रश्नाला टाळलं तो लंडनच्या बाईनं माइकवरून विचारला, आणि त्यांना उत्तर माहीत नव्हतं. 

"मग आता दुसरी टेप," हेर ब्राम म्हणाले. "नऊ मार्च."

खरखर झाली. मग चाळिशीतल्या रेजीचा आवाज आला; त्या दिवशी पत्र त्यानंच वाचायला घेतलं होतं. "जयसिंगपूरहून पत्र आलंय, आणि मॉड, आपले कान धरले गेलेत. ऐका. 'प्रिय महोदय आणि महोदया. चि., सौ. आणि कां. या बायका नाहीत. ती मीच आहे. तुमच्यामुळे माझे वडील म्हणतात लग्न होणार नाही. मुलाला मी एकदाच भेटले आहे, दहा मिनिटं. त्यानं मला स्वयंपाकाचं विचारलं नाही, गाण्याचं विचारलं. मला त्याच्याशीच लग्न करायचं आहे, दुसऱ्या कुणाशी नाही. कृपया हे रेडिओवर सांगावं. मोठ्यानं सांगावं, वडिलांना कमी ऐकू येतं. आपली, सुधा.'" आणि मग रेजी खरंच ओरडला, इतक्या जोरात की स्पीकर थरथरला: "जयसिंगपूरच्या वडिलांना नमस्कार! चारही मुली एकच आहेत, साहेब! चूक आमची! लग्न लावून द्या!"

आणि गाणं सुरू झालं.

श्रीपादराव मटकन खाली बसले. बायकोकडे वळले, तोंड उघडलं. तिनं ओठांवर बोट ठेवलं. गाणं चालू होतं. नियम म्हणजे नियम. तीन मिनिटं हा माणूस डोळ्यांतलं पाणी तसंच ठेवून, फ्राउ सौच्या रिकाम्या खुर्चीवरून बायकोकडे नुसता बघत राहिला. शेवटचा सूर विरला तेव्हा कुठे आवाज फुटला.

"तू पत्र लिहिलं होतंस?"

"लिहिलं होतं."

"आणि सत्तेचाळीस वर्षांत मला सांगितलं नाहीस?"

"तुम्ही कधी विचारलंत?" सुधाताई म्हणाल्या. मग जरा मऊ झाल्या. "शिवाय ते वाचलं की केराच्या टोपलीत गेलं, मला तरी कुठं माहीत होतं? दर बुधवारी अण्णांना हाताला धरून श्यामकांतकाकांच्या रेडिओपुढे नेऊन बसवत होते. त्या बुधवारी कार्यक्रम सुरू झाला, पत्रं वाचायला घेतली, आणि गेले की हो दिवे! सगळं जयसिंगपूर अंधारात."

श्रीपादरावांनी मनाशी तारीख जुळवली. नऊ मार्च. बुधवार. त्या कार्यक्रमाचं पुन्हा तोंड बघायचं नाही, म्हणून बुधवारच्या संध्याकाळी ते मुद्दाम काम काढत. जयसिंगपूरच्या ट्रान्सफॉर्मरचं तेल गळत होतं. सात वाजून दहा मिनिटांनी शटडाऊन घेतला होता, स्वतःच्या सहीनं.

"सुधा," ते खाली मान घालून म्हणाले, "ते दिवे मी घालवले होते."

"म्हणजे?"

"लाइन मी बंद केली होती. माझ्याच हातानं."

 सुधाताई जे हसायला लागल्या, त्या पदर तोंडाला लावूनही थांबेनात. "अहो, धन्य आहे तुमची! साक्षीदार बोलायला उभा राहिला, आणि आरोपीनंच त्याचं तोंड दाबलं!"

"मला काय माहीत! चुकलं माझं. मूर्ख आहे मी."

"मूर्ख तर आहातच," त्या डोळे पुसत म्हणाल्या. "पण चुकलं नाही. दिवे असते ना, तर अण्णांच्या तोंडाकडे बघून माझी वाचाच गेली असती. आयुष्यात कधी वर मान करून बोलले नव्हते त्यांच्याशी. अंधारात त्यांचा चेहरा दिसत नव्हता, म्हणून धीर झाला. तिथल्या तिथे सांगून टाकलं, की अण्णा, रेडिओ राहू दे, मी सांगते. मी लग्न करीन तर मिरजेलाच, नाहीतर करणार नाही. दिवे आले तेव्हा अण्णा म्हणाले, बरं."

"मग मोहनकाका?"

"त्यांना लाडू आवडायचे. खाऊ देत म्हटलं."

स्टेजवरून माइक खरखरला. मॉड पुढे वाकून बघत होती. "श्रीपॅड, आम्हाला एक चूक सुधारायची संधी द्या. त्या चौघींना विचारा, आज पुन्हा विचारलं तर त्यांचं उत्तर काय?"

श्रीपादरावांनी भाषांतर करायची गरज नव्हती. सुधाताई उठल्या, कोट काढून खुर्चीवर टाकला, इरकलीचा पदर नीट केला. "अन्वी, सांग त्यांना," त्या मराठीत खणखणीत म्हणाल्या. "म्हणावं, चौघीही तयार आहेत. आणि दिवे चालू राहू देत. या वेळी उजेडात सांगते आहे."

अन्वीनं सांगितलं, आधी इंग्रजीत, मग जर्मनमध्ये. हॉल टाळ्या वाजवत उभा राहिला, रेजी काठीवर भार देऊन उभा राहिला, आणि श्रीपादराव आवटी सगळ्यांदेखत लहान पोरासारखे रडले.

सुधाताई परत बसल्या त्या मधल्या खुर्चीत, नवऱ्याला खेटून. केक वाढणारी बाई लगबगीनं पुढे आली, पण या वेळी काही बोलली नाही. सुधाताईंनी फ्राउ सौच्या केकची बशी स्वतःपुढे ओढली आणि चमचा हातात घेतला.